धुऱ्यावरचा देखावा

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर झाला त्या आठवड्यात मी गच्चीवरची पाण्याची टाकी स्वतः आत उतरून घासली, माळा रिकामा करून पुन्हा भरला आणि शेगडीचे बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळून काढले. मग करायला काही उरलं नाही. नवरा कॉलेजात गणित शिकवतो, त्याची नोकरी अजून चालू आहे. संध्याकाळी घरी आल्यावर माळ्याला लावलेली शिडी बघून तो म्हणाला, "तू निवृत्ती घेतलीस की बदली मागून घेतलीस?"

निवृत्ती मी चित्रं काढण्यासाठी घेतली होती. तसं सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. ते सांगायला नको होतं. कारण मग दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत जो तो विचारायला लागला, "मॅडम, काढलं का चित्र?"

बारावीनंतर मी लातूरला चित्रकलेच्या कोर्सला होते. आमचे मास्तर सकाळी सगळ्यांना गावाबाहेर हाकलायचे. कागद ओला करायचा, बोर्ड मांडीवर घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत रंग लावून मोकळं व्हायचं. मला ते जमायचं. पण कोर्स संपायच्या आधीच नांदेडला पाटबंधारे खात्यात अनुरेखकाची जागा निघाली आणि माझी निवड झाली. मुलीला सरकारी नोकरी लागली म्हटल्यावर आमच्याकडे विचार करत नाहीत, बॅग भरतात. अनुरेखकाची पुढे मी आरेखक झाले. साधं सांगायचं तर इंजिनिअर मोजून आणायचे आणि मी काढायचे. आधी शाईनं, नंतर संगणकावर. कालवे, चाऱ्या, हद्दी, गावरस्ते. तेही मला जमायचं. माझी रेष कधी दुरुस्तीला परत आली नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

लातूरला माझी थोरली बहीण असते. तिला मी अक्का म्हणते. तिच्या मुलानं नवीन फ्लॅट घेतला आणि अक्कानं फोन केला. "हॉलची मोठी भिंत तुझ्यासाठी मोकळी ठेवलीय बघ. वास्तुशांतीपर्यंत एक देखावा काढून दे. डोंगर, झाडं, पाणी."

निसर्गचित्र हा शब्द आमच्या मास्तरांनी वापरला तेवढाच. बाकी सगळे देखावा म्हणतात. नुसतं लोकांना दाखवण्यापुरतं केलेल्या गोष्टीलाही देखावाच म्हणतात आणि अक्का तो शब्द दोन्ही अर्थांनी एकाच वाक्यात वापरू शकते.

"जमत नसंल तर आत्ताच सांग," ती म्हणाली. "बाजारात तयार मिळतात. त्यात हरणं बी असतात."

मी म्हटलं, "देते." तोपर्यंत माझ्याकडून एकही चित्र झालं नव्हतं.

सुरुवात मी गोदावरीच्या घाटावर केली होती. बसले, काढलं, उठले. तिथून हलून आसना नदीच्या पुलाजवळ गेले. तिथंही मन लागेना, म्हणून विष्णुपुरीला गेले आणि धरणाचे दरवाजे मोजत बसले. एका जागी टिकताच येत नव्हतं. ऑफिसात दिवस-दिवस खुर्ची सोडली नव्हती, आणि आता थोडा वेळ झाला की गुडघे आपोआप सरळ व्हायचे. पाणी प्यायला उठायचं, फोन बघायला उठायचं, स्कूटी नीट लावली आहे का ते बघायला उठायचं. घरी येऊन कागद भिंतीला लावला की दिसायचा तो नकाशा. नदी दोन्ही काठांना सारखी निळी. झाडं एका मापाची. एका चित्रात तर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात मी जागा कोरी सोडली होती. का सोडली, हे मला कळेना. नवऱ्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "इथं उत्तरेचा बाण यायचाय ना?"

त्याचं बरोबर होतं. मी कागद टराटरा फाडला आणि धुण्याला बसले.

वास्तुशांती जवळ आली तेव्हा मी ठरवलं, नदी नको, धरण नको, ज्याचा नकाशा मी कधी काढला आहे असं काहीच नको. स्कूटी काढली आणि अर्धापूरच्या रस्त्याला लागले. जानेवारीतलं ऊन होतं, अंगाला बरं वाटणारं. रस्त्यापासून थोडं आत एक जागा दिसली. डावीकडे केळीची बाग, उजवीकडे पाला वाळत आलेली हळद, आणि दोन्हींच्या मधून जाणारा धुरा, म्हणजे शेताचा बांध. धुऱ्याच्या मध्यावर एक जुना कडुलिंब. हिरवा, पिवळा आणि मधे ती सावली. बघितल्याबरोबर हात शिवशिवला.

धुऱ्यावर एक बाई गवत कापत होती. मी विचारलं, "इथं थोडा वेळ बसले तर चालेल का?"

"बसा की," ती म्हणाली. "सावली काय कुणाच्या बापाची हाय?"

मी तीन पायांचा स्टँड उभा केला, त्यावर बोर्ड लावला आणि पेन्सिलीनं आखून घेतलं. धुऱ्याच्या या टोकाला हद्दीचा दगड होता. दूर त्या टोकाला दुसरा दिसत होता. आधी दोन्ही दगड काढले, मग मधला धुरा, मग लिंब. मग रंग. त्या दिवशी मी पहिल्यांदा उठले नाही. फोन वाजला तोही घेतला नाही. केळीच्या पानांमधून ऊन गाळून येत होतं ते जसंच्या तसं कागदावर उतरलं आणि मला मास्तरांचा गावाबाहेरचा तो माळ आठवला. वाटलं, आलं. हात परत आला.

मागून आवाज आला. "कोन्या खात्याच्या तुम्ही?"

डोक्याला रुमाल बांधलेला, साठीच्या आसपासचा शेतकरी. ती गवत कापणारी बाई त्याची बायको, हे त्याला बघून तिनं डोक्यावर ओढलेल्या पदरावरून कळलं. केळी त्याची.

आता इथं मी म्हणायला हवं होतं की मी चित्र काढते आहे. पण कुणी खातं विचारलं की खातंच सांगायची जिभेला सवय. मी म्हटलं, "पाटबंधारे. आरेखक होते. आता निवृत्त."

"म्हंजी नकाशे काढायच्या?"

"हो."

तो जवळ आला. केळीकडे त्यानं बघितलं नाही, उन्हाकडे तर नाहीच. त्यानं बोट ठेवलं ते धुऱ्यावर. "हा सरळ काढलाय तुम्ही."

"हो," मी म्हटलं. मला बरंच वाटलं. रेषेची तारीफ मला नेहमीच चालते.

"सरळच हाय तो. एकदम अस्सल," तो म्हणाला. "मॅडम, खाली सही करा. आन् सहीखाली हुद्दा लिहा."

मी हसले. "चित्र अजून पुरं व्हायचंय. उद्या येते."

"मग फोटू काढू का?"

"काढा," म्हणाले, आणि माझी सावली पडू नये म्हणून बाजूलासुद्धा झाले. घरी जाताना मी स्कूटीवर गुणगुणत होते. रात्री नवऱ्यानं चित्र बघितलं आणि म्हणाला, "केळी चांगली आलीत." एवढंच. त्याला आणखी काहीतरी दिसलं होतं, पण तो शहाणा आहे.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर धुऱ्यापाशी चारपाच माणसं. हळदीतून, या दगडापासून त्या दगडापर्यंत, खेळाच्या मैदानावर मारतात तशी पांढऱ्या फक्कीची सरळ रेष मारलेली. आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना उभे राहून दोघं जण ओरडत होते. एक कालचा रुमालवाला. दुसरा त्याच्याच नाकाचा, दहा वर्षांनी लहान. धाकटा भाऊ. हळद त्याची.

"ह्याच! ह्याच त्या बाई!" धाकटा माझ्याकडं बोट करून म्हणाला. "दादा, मोजणी आणली तर निदान सांगायचं तरी. चोरून काय आणतोस?"

"चोरून कशाला? दिवसाउजेडी बसल्या होत्या त्या."

"बाई, तुमाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी चित्र काढायला आले होते."

"तीन पायाचं यंत्र लावून?"

"तो स्टँड आहे. त्याच्यावर कागद ठेवतात."

"मोजणीवाले बी त्याच्यावरच ठेवतेत," धाकटा म्हणाला. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं.

मग थोरल्यानं खिशातून मोबाईल काढला आणि माझं चित्र सगळ्यांना दाखवलं. "बघा. हे दोन दगड. हा मधला धुरा. सरळ हाय का न्हाई? आन् हे कुण्या ऐऱ्यागैऱ्यानं काढलेलं न्हाई, पाटबंधाऱ्याच्या मॅडमनं काढलंय. सारी जिंदगी नकाशातच गेलीय त्यांची."

मी चित्राकडं बघितलं, मग समोरच्या धुऱ्याकडं. धुरा सरळ नव्हता. लिंबापासून पुढं तो केळीच्या बाजूला चांगला पोटासारखा फुगला होता आणि शेवटच्या दगडापाशी परत आला होता. धाकट्यानं दर नांगरटीला थोडा थोडा कोरत नेला असणार. खेड्यापाड्यांत धुरा असाच सरकतो, हे मला ठाऊक आहे. अशा भांडणांच्या फायली मी कितीदा हाताळल्या. आणि काल त्या फुगवट्यासमोर दुपारभर बसून मला तो दिसला नव्हता. दोन टोकांना दोन दगड दिसले आणि हातानं मधली रेष जोडून टाकली. डोळ्यांना विचारलंच नाही. केळीची पानं मी बघून काढली होती, धुरा सवयीनं.

हे उन्हात उभं राहून कळलं तेव्हा मला त्या दोघांच्या भांडणापेक्षा त्याचाच जास्त राग आला. चित्राच्या बरोबर मध्यावर नकाशा बसला होता आणि मी आदल्या दिवशी गुणगुणत घरी गेले होते.

थोरला म्हणाला, "मॅडम, तेवढं सांगा ह्याला. रेष तुमची हाय न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. धाकटा फक्कीच्या रेषेवर पाय रोवून उभा. त्याच्या हळदीचा, रुंद सतरंजीएवढा पट्टा त्या रेषेनं तोडला होता. नोकरीत मी एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ते तिथं उच्चारलं.

"रेष माझी आहे. पण चुकलेली आहे."

"चुकलेली?" थोरल्याला पटेना. "तुमची कशी चुकंल?"

"मी मोजलं नाही. नीट बघितलंही नाही. धुरा वाकडा आहे, मी सरळ काढला. हे चित्र आहे, नकाशा नाही. यावर हद्द ठरत नाही. मोजणीचा अर्ज करा, सरकारी माणूस येईल."

यावर थोरल्यानं मोबाईल खिशात टाकला आणि धाकट्यानं फक्कीवरचा पाय काढला. असं का, ते मला कळेना. कालची ती बाई लिंबाखाली विळा घेऊन बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "मोजणीला दोघं बी भेतेत, मॅडम. त्यानं हिकडून ह्यांचं कोरलंय आन् ह्यांनी तिकडून सरकारी रस्ता कोरलाय. मोजणी आली की समद्यांचंच पोट उघडं पडंल."

"तू गप बस," थोरला म्हणाला.

"गपच हाय. विचारलं म्हणून सांगितलं."

"कुणी विचारलं तुला?"

"वहिनी बरोबर बोलून राहिली," धाकटा म्हणाला, आणि त्या घोळक्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी बाजूनं कुणीतरी बोललं. मग तो माझ्याकडं वळला. "मग आता तुमीच नीट काढा, बाई. हाय तसा काढा. कालचा फोटू लोकाच्या मोबाईलात गेलाय. तो खोटा, तर खरा बी जाऊ द्या."

थोरला म्हणाला, "हाव. काढा. माझ्यासमोर काढा."

निघून जावंसं वाटलं. पाय तर उठलेलेच होते. पण गेले असते तर ती सरळ रेष तशीच राहिली असती, त्यांच्या हळदीतही आणि माझ्या हातातही. मी स्टँड उभा केला, नवा कागद लावला आणि पेन्सील पिशवीत परत टाकली. पेन्सील हातात असती तर मी पुन्हा दगड शोधले असते.

थोरला माझ्या डाव्या खांद्यापाशी, धाकटा उजव्या. दोघांच्या तंबाखूचा वास. मी कागद ओला केला आणि धुऱ्याकडं बघत राहिले. हात लावावासा वाटत होता, लावला नाही.

धुऱ्याच्या आतापर्यंत मी शेकडो रेषा ओढल्या असतील, पण नकाशात धुऱ्याला रुंदी नसते. कितीही बारीक पेन घ्या, ती रेषच असते. इथं समोर तो बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. त्यावर वाळलेलं कुसळी गवत, एक बोरीचं झुडूप, कुणाची तरी बांधलेली शेळी, लिंबाची सावली आणि लिंबोळ्यांचा जुना कचरा. केळीच्या बाजूनं ओल झिरपून त्याची कड हिरवी झाली होती, हळदीच्या बाजूनं ती पिवळी. केळी नेमकी कुठं संपते आणि धुरा कुठं सुरू होतो, हे खूप बघूनही सांगता येईना. मी ओल्यात ओला रंग सोडला. हिरवा पिवळ्यात शिरला, मधे तपकिरी झाला. सोडून दिला तसाच.

"हे पसरून राहिलंय," धाकटा काळजीनं म्हणाला.

"पसरू द्या."

"पुसा की, मॅडम. बिघडलं," थोरला म्हणाला.

"दादा, बोलू नको, हात हलंल त्यांचा."

"तूच बोलून राहिलास कवाचा."

मी फुगवटा होता तसा येऊ दिला. लिंब थोडा उजवीकडं कलला होता, तोही तसाच काढला. आदल्या दिवशीच्या कागदावर तो ओळंब्यात, एकदम ताठ उभा होता. हळदीतली पांढरी रेष दिसत होती, पण ती मी काढली नाही. खरं तर ती समोर होती, म्हणजे काढायला हवी होती. पण ती माझी होती आणि मला ती पुन्हा बघायची नव्हती.

कागद वाळला तसे दोघं पुढं वाकले. थोरल्यानं बोट फिरवलं. "ह्यात माझी हद्द कुठंय?"

"ह्यात हद्द नाही."

"आन् माझी?" धाकटा.

"तुमचीही नाही."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. थोरला मागं सरकला, रुमाल झटकून पुन्हा बांधला आणि धाकट्याला म्हणाला, "काय कामाचं न्हाई रे. हा तर नुसता देखावा हाय."

"हाव," धाकटा म्हणाला. "नुसताच देखावा."

त्यांनी फोटोसुद्धा काढला नाही. धाकट्यानं पाण्याची नळी ओढत आणली आणि फक्कीची रेष धुवायला लागला. थोरला त्याच्याकडं बघत उभा राहिला, पण अडवलं नाही. एकदा म्हणाला मात्र, "पानी तिकडं जास्त सोडू नको, केळीत येतंय." भांडण मिटलं असं मला वाटत नाही. पुढच्या नांगरटीला ते पुन्हा तिथंच उभे असतील. मी रंगाची पेटी बंद केली. मला त्या दोघांचे आभार मानावेसे वाटत होते, पण ते कशाबद्दल हे त्यांना समजावणं अवघड होतं. मी त्या बाईला तेवढं म्हटलं, "येते." ती म्हणाली, "पुन्यांदा याल तवा स्टँड आणू नका."

वास्तुशांतीला मी चित्र चौकटीत बसवून, जुन्या चादरीत गुंडाळून बसनं लातूरला नेलं. खिडकीची जागा मिळाली, पण त्याचा त्रासच झाला. लोहा गेलं, अहमदपूर आलं, बालाघाटाचे डोंगर एकामागं एक सरकत होते, एकाचीही कड दुसऱ्यापासून नीट सुटत नव्हती आणि बस थांबत नव्हती. उतरून तिथंच काढत बसावं असं तीनदा मनात आलं, तीनदा मी अर्धी उठलेही. शेजारच्या माणसानं विचारलं, "बाई, मळमळून राहिलं का?"

अक्कानं चादर सोडली. चित्र हॉलच्या भिंतीला टेकवून ती मागं मागं गेली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. हातात पुरणाची वाटी तशीच.

"डोंगर नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पाणी?"

"नाही."

"कुणाचं शेत आहे हे?"

"शेत नाही. दोन शेतांच्या मधला धुरा आहे."

"धुरा? हॉलमध्ये धुरा लावायचा?" ती पुढं आली, वाकली, खालचा कोपरा बघितला. "आणि सही का नाही केलीस? लोक विचारतील, कुणी काढलं म्हणून."

सही राहून गेली होती. थोरल्यानं मागितली तेव्हा करायची नव्हती आणि नंतर लक्षातच आलं नाही. ऑफिसच्या नकाशावर खाली उजवीकडं तीन चौकटी असतात: काढले, तपासले, मंजूर. माझी सही कायम पहिल्या चौकटीत. उरलेल्या दोन साहेबांच्या. अक्काच्या नातवाच्या कंपासमधून मी बारीक टोकाचं काळं पेन घेतलं, चित्राची चौकट उघडून काच बाजूला काढली आणि सवयीनं चौकटी आखायला उजव्या कोपऱ्यात हात गेला. आवरला. नुसतं नाव लिहिलं. हुद्दा लिहिला नाही.

अक्कानं वाचलं, मान डोलावली आणि पुरणाची वाटी माझ्या हातात दिली.

"बरं आहे," ती म्हणाली. "आता काच लावायच्या आधी थोडं पाणी टाक त्यात."